ॲबिगेल ॲडम्सच्या पत्रांमधला पैसा : टाचण्या, कॉफी आणि सरकारी रोखे

सोनचाफा :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

गेले तीन-चार महिने रात्री मुलं झोपली की माझा एकच उद्योग चाललाय, जॉन आणि ॲबिगेल ॲडम्सची पत्रं वाचायची. जॉन ॲडम्स म्हणजे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष आणि ॲबिगेल त्याची बायको. दोघांनी एकमेकांना लिहिलेली ११०० च्या वर पत्रं शिल्लक आहेत, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ती जपलीत आणि नेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. बहुतेकांना त्यातलं एकच वाक्य माहीत असतं, मार्च १७७६ चं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका म्हणून तिने नवऱ्याला लिहिलेलं. ते वाक्य भारीच आहे, पण मला या पत्रांत धरून ठेवलं ते पैशाने. घरातल्या पैशाने.

माझे बाबा ऐंशीच्या दशकात आठ वर्षं मस्कतला होते. आई त्यांना लिहायची त्यात वरती तब्येत, मग आमच्या शाळेच्या फिया, दूधवाल्याचं बिल, ड्राफ्ट मिळाला की नाही, काकांनी शेताच्या बांधावरून काय वाद काढलाय, आणि अगदी खाली कोपऱ्यात दोन ओळी ज्या आम्हाला वाचू द्यायची नाही. ॲबिगेलचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईचं अक्षर डोळ्यासमोर आलं. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देते. लग्न १७६४ चं. १७७४ मध्ये जॉन काँग्रेससाठी (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी) फिलाडेल्फियाला गेला, १७७८ मध्ये देशाचा दूत म्हणून फ्रान्सला, मध्ये १७७९ ला काही महिने घरी येऊन परत युरोप, आणि ॲबिगेल त्याच्याकडे गेली ती थेट १७८४ मध्ये. म्हणजे दहा वर्षांतला बराचसा काळ ती बॉस्टनजवळच्या ब्रेनट्रीच्या शेतावर चार मुलं, मजूर, कर, उधाऱ्या सगळं एकटी बघत होती आणि जॉनला पत्रातून कळवत होती.

१७७५ चं एक पत्र आहे, इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालंय, बॉस्टनला वेढा पडलाय, तोफांचे आवाज घरापर्यंत येतायत, आणि बाई नवऱ्याला लिहितात की काहीही कर पण टाचण्यांचा एक गठ्ठा आण. सहा हजार टाचण्यांचा गठ्ठा पूर्वी एका डॉलरला यायचा, आता पन्नास शिलिंग, तीन पौंड पडले तरी चालतील पण घे. इंग्लंडचा माल बंद झाल्यावर सगळ्यात आधी काय संपलं तर टाचण्या, आणि टाचण्या नाहीत म्हणजे कपडे अंगावर बसवायचे कसे हा रोजचा प्रश्न. युद्धाचं हे टोक मला शाळेच्या कुठल्या पुस्तकात दिसलं नव्हतं.

दुसरं जुलै १७७७ चं. बॉस्टनमध्ये कॉफी-साखर मिळेना, व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवलेला. थॉमस बॉइलस्टन नावाचा एक श्रीमंत व्यापारी कॉफी सहा शिलिंग पौंडाच्या खाली विकायला तयार नव्हता (हा जॉनच्या आईकडचा नातेवाईक बरं का). तर शंभरएक बायका हातगाड्या घेऊन त्याच्या वखारीवर गेल्या, किल्ल्या मागितल्या, त्याने नाही म्हटलं, मग एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाडीत टाकला. त्याने किल्ल्या दिल्या, बायकांनी वखार उघडली, कॉफी काढली आणि गाडीत भरून चालत्या झाल्या. आणि पुरुषांचा मोठा घोळका नुसता उभा राहून बघत होता असं ॲबिगेल लिहिते. हे सगळं नवऱ्याला, घरच्या बातम्यांच्या ओघात!

आणि जून १७७९ च्या पत्रात तर चक्क भावाची यादीच आहे. मका २५ डॉलर बुशेल (धान्याचं माप), काकवी १२ डॉलर गॅलन, मजुराला दिवसाला ६ ते ८ डॉलर. काँग्रेसने नोटा छापल्या, छापल्या, इतक्या छापल्या की १७८० मध्ये स्वतः काँग्रेसलाच ४० कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर असा दर जाहीर करावा लागला. अशा वेळी नवऱ्याने युरोपातून पैसे पाठवले आणि त्याच्या नोटा करून घेतल्या तर हातात येईपर्यंत निम्मे व्हायचे. मग हिने युक्ती काढली, पैसे नको, माल पाठव. रुमाल, रिबिनी, लिनन, चिनी मातीची भांडी. बिल्बाओच्या गार्डोकी पेढीकडून, नंतर ॲमस्टरडॅमहून पेट्या यायच्या, थोडं घरात ठेवून बाकीचं ती नातेवाइकांमार्फत विकायची. कुठलं कापड खपतं, कुठल्या रंगाला गिऱ्हाईक नाही हे ती जॉनला लिहून कळवते. एखादी पेटी शत्रूच्या जहाजाने पकडली तरी बाकीच्यांच्या नफ्यात भागतं असा तिचा हिशेब.

आणि मग सरकारी रोखे, म्हणजे सरकारने कर्ज घेऊन दिलेले कागद, त्यात तर ती नवऱ्याच्या चार पावलं पुढे होती. पण ते लिहायला बसले तर रात्र जाईल, प्रतिसादांत बोलू. कोणी ही पत्रं वाचलीत का? आणि तुमच्या घरात अशी पत्रं आहेत का?

गोदातीर :

ताई काय सुंदर लिहिलंय! माझ्या आजोबांची रंगूनहून आलेली पोस्टकार्डं आठवली. एक शंका, त्या काळी पत्र जायचं कसं आणि पैसे कोण भरायचं?

बॉस्टनकर :

मी क्विन्सीच्या (तेव्हाचं ब्रेनट्री) जवळच राहतो, ॲडम्सचं घर दोनदा बघून झालंय. गोदातीर, लिफाफा नव्हताच, कागदाचीच घडी घालून लाखेचा ठसा मारायचा आणि मागच्या कोऱ्या भागावर पत्ता. युद्धाच्या काळात पत्र म्हणजे ओळखीचा माणूस, त्या बाजूला चाललेला असला की त्याच्या हाती द्यायचं. १७७५ मध्ये जॉनने हिचबोर्न नावाच्या तरुण वकिलाजवळ पत्रं दिली, तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि ती पत्रं बॉस्टनच्या पेपरात छापून आली. सहकाऱ्यांबद्दल लिहिलेलं सगळं चव्हाट्यावर. त्यानंतर नवरा-बायको दोघंही जपून लिहायला लागले, सही सुद्धा कित्येकदा टोपणनावाने, ती पोर्शिया म्हणून सही करायची.

समुद्रापलीकडे तर आणखीच बिकट, शत्रूचं जहाज दिसलं की कप्तान टपालाची थैली वजन बांधून पाण्यात सोडायचा. म्हणून एकाच पत्राच्या नकला वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. महिनोनमहिने उत्तर नाही, आणि मग एकदम गठ्ठा.

पैशाचं म्हणाल तर १७९२ च्या टपाल कायद्याने दर अंतरावर ठरले, ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४५० मैलांच्या पुढे २५ सेंट, तेही एका कागदाला, दोन कागद असले की दुप्पट. आणि भरायचे बहुतेक वेळा घेणाऱ्याने. म्हणून लोक कागदाचा इंच न् इंच वापरायचे. जॉन उपाध्यक्ष झाल्यावर त्याला टपाल माफ होतं, तेव्हाची पत्रं बघा, काही अगदी चार ओळींची पण आहेत.

हिशेबनीस :

सोनचाफाताई, रोख्यांचं तुम्ही सोडून दिलंत, मी लिहू का? आमचा धंदाच तो.

ॲबिगेलने डिसेंबर १७८३ मध्ये जॉनला लिहिलंय की जमीन घेण्यापेक्षा पैसा लावायची चांगली जागा आहे, ती म्हणजे राज्याचे रोखे. पौंडाला ७ शिलिंगला मिळतायत, ६ शिलिंग ८ पेन्सला पण गेलेत. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे १०० चा कागद ३५ ला. व्याज ६ टक्के, पण ते मिळणार छापील रकमेवर, १०० वर. म्हणजे ३५ लावा आणि वर्षाला ६ घ्या, १७ टक्के पडले! आणि शेतजमिनीत एवढं सुटायचं नाही हे ती स्वतः शेत चालवून शिकली होती, मजुरी, कर, पडलेलं कुंपण सगळं तिनेच भरलं होतं ना. जॉनला मात्र जमीन हवी, अजून एक तुकडा, शेजाऱ्याचा तुकडा, आपल्याकडच्या कुठल्याही बापासारखा. सट्टेवाल्यांचा त्याला तिटकारा होता. तो युरोपातून जमीन घ्या म्हणून लिहायचा आणि ॲबिगेल तिच्या मावशीचे यजमान डॉ. कॉटन टफ्ट्स यांना, तेच ॲडम्सांचे व्यवहार बघायचे, रोखे घ्या म्हणून सांगायची. आणि गंमत बघा, त्याच सुमारास जॉन स्वतः ॲमस्टरडॅमच्या सावकारांकडून देशासाठी ५० लाख गिल्डरचं कर्ज मिळवत होता, १७८२ मध्ये, ५ टक्क्यांनी. नवरा देशासाठी कर्ज काढतोय, बायको देशाला दिलेल्या कर्जाचे कागद पडेल भावात गोळा करतेय.

मग १७९० ला अर्थमंत्री हॅमिल्टनचा कायदा आला. केंद्राच्या जुन्या कागदांची पूर्ण छापील किंमत धरली, मुद्दलाच्या दोन तृतीयांशावर लगेच ६ टक्के, उरलेल्यावर १८०१ पासून, थकलेल्या व्याजाचे वेगळे ३ टक्क्यांचे रोखे. राज्यांचं कर्जही केंद्राने अंगावर घेतलं. ज्यांनी पडेल भावात धरून ठेवले होते त्यांचं सोनं झालं. जॉनच्या मनासारखी सगळी जमीन घेतली असती तर म्हातारपणी दोघांची ओढाताण झाली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

रानजाई :

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत पण ते कागद आले कोणाकडून ते पण लिहा ना. त्यातले कितीतरी सैनिकांचे होते. सरकारकडे पगाराला पैसे नाहीत म्हणून हातात कागद दिला, घरी आला तर कर थकलेला, मुलं उपाशी, मग तो कागद मिळेल त्या भावाला विकला. १७८५ मध्ये ॲबिगेलने टफ्ट्सना सैन्याचे कागदच घ्यायला सांगितलं होतं. आणि त्या रोख्यांचं व्याज द्यायला मॅसॅच्युसेट्सने कर बसवला तो चांदीत भरायचा, म्हणजे ज्याने कागद विकला त्यानेच आता कर भरून विकत घेणाऱ्याला व्याज पुरवायचं. त्यातून १७८६-८७ चा शेतकऱ्यांचा उठाव झाला, डॅनियल शेज स्वतः सैन्यात कॅप्टन होता. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफ डागली, चार माणसं मेली. आणि ॲबिगेल लंडनहून थॉमस जेफरसनला (पुढे तिसरा अध्यक्ष झाला तो) काय लिहिते, अडाणी, अस्वस्थ, विवेक नसलेले लोक. जेफरसनने उत्तर दिलं की मधूनमधून थोडं बंड झालेलं मला आवडतं.

काँग्रेसमधल्या जेम्स मॅडिसनने १७९० ला सुचवलं होतं की मूळ सैनिकालाही वाटा द्या, ३६ विरुद्ध १३ ने पडलं. मला ॲबिगेल आवडते, खरंच आवडते, पण हे पत्र वाचल्यावर दोन दिवस मी तिचं काही वाचलं नाही.

सोनचाफा :

रानजाई, थांबले होते ह्या प्रतिसादासाठीच. मलाही ते पत्र टोचलं. तिच्या बाजूने फार बोलता येत नाही. तिला कागद विकणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, मध्ये टफ्ट्स, मध्ये दलाल. पण ब्रेनट्रीच्या शेतावर मजुरांच्या बायकांशी रोज बोलणारी बाई ती, तिला कळत नसेल असं मी म्हणणार नाही. पत्रं वाचताना ही एक अडचण होतेच, माणूस इतका जवळचा होतो की त्याच्या चुकीचा आपल्याला राग येतो, घरच्या माणसाचा येतो तसा.

वाचनवेडी :

मग जेफरसनकडे पण जरा बघा, नुसता बंडाचा उमाळा बघू नका. त्याचीही घरची पत्रं आहेत, लेकीला, जावयाला, नातवाला. जून १८२० मध्ये तो त्याचा जावई जॉन एप्स याला लिहितो की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई शेतावरच्या सगळ्यात चांगल्या गड्यापेक्षा जास्त फायद्याची असते. गुलाम बायकांबद्दल. कुटुंबाच्या खुशालीच्या पत्रात, जावयाला, शेतीच्या हिशेबासारखं. मी ते वाक्य परत परत वाचलं, मला वाटलं मला इंग्रजी नीट कळलं नाही. कळलं होतं.

उत्तरेच्या पत्रांत रोखे आणि रुमाल, दक्षिणेतल्या व्हर्जिनियाच्या पत्रांत माणसं. १८२६ ला तो वारला तेव्हा लाखाच्या वर डॉलरचं कर्ज होतं आणि जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोत, त्याच्या मळ्यावर, १३० माणसांचा लिलाव झाला. नवरा एकीकडे, लेकरं दुसरीकडे. कर्ज फेडायला.

जुनापुराणा :

वाचनवेडी यांनी कर्जाचा विषय काढला म्हणून लिहितो. जेफरसनच्या कर्जात सासऱ्याकडून आलेलं कर्ज होतंच, पण शेवटचा फटका बसला तो जामीन राहिल्याने. विल्सन केरी निकोलस म्हणून व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर, त्याची मुलगी जेफरसनच्या नातवाला दिलेली. व्याह्यासारखाच माणूस, नाही कसं म्हणणार. त्याच्या २० हजार डॉलरच्या कर्जाच्या कागदांवर सही केली, १८१९ च्या मंदीत निकोलस बुडाला आणि ते सगळं म्हाताऱ्याच्या गळ्यात आलं.

आमच्या आजोबांनी पण असंच एका नातेवाइकाच्या कर्जाला सही केली होती पतपेढीत. विहिरीजवळचं दोन एकर गेलं. आजी शेवटपर्यंत त्या रस्त्याने गेली नाही, लांबून वळसा घालून जायची. त्यामुळे हे वाचताना ते २० हजार मला नुसता आकडा वाटत नाही.

बॉस्टनकर :

जुनापुराणा काका, वाईट वाटलं वाचून.

ॲडम्सांच्या घरातही बुडाले पैसे. मोठा मुलगा जॉन क्विन्सी हेगला अमेरिकेचा राजदूत असताना आपली बचत धाकट्या भावाकडे, चार्ल्सकडे गुंतवायला देऊन गेला होता, ते पैसे गेले. चार्ल्स दारूत बुडालेला, १८०० मध्ये वारला, तिशीत. त्या काळातली ॲबिगेलची पत्रं वाचवत नाहीत. जॉन क्विन्सी हिशेब मागतोय, चार्ल्स उत्तर देत नाही, आणि आई दोघांच्या मध्ये.

मग १८०३ ला लंडनची बर्ड, सॅव्हेज अँड बर्ड ही पेढी बुडाली, आईवडिलांचे जवळपास १३ हजार डॉलर तिथे होते आणि ते तिथे ठेवायची व्यवस्था जॉन क्विन्सीनेच केलेली. त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं, बॉस्टनमधलं घर विकलं, वडिलांची जमीन पैसे देऊन विकत घेतली म्हणजे त्यांच्या हातात रोकड राहील. मुलाने असं करावं ह्यासाठी आईबापांना एक शब्द लिहावा लागला नाही.

गोदातीर :

एक अडाणी प्रश्न, ॲबिगेलने जे कमावलं ते तिच्या नावावर होतं का?

हिशेबनीस :

अजिबात अडाणी नाही, हाच प्रश्न आहे खरा. इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईची वेगळी मालमत्ता उरायचीच नाही, कमाई, दागिने, माहेरचं, सगळं नवऱ्याच्या ताब्यात. १७८२ मध्ये तिने व्हर्माँटमध्ये १६०० एकरांहून जास्त जमीन घेतली, एक वाटा जॉनच्या नावे, एकेक चार मुलांच्या नावे, तिच्या नावे शून्य. (जॉनने उलट टपाली कळवलं, व्हर्माँटच्या नादी परत लागू नकोस.)

अवांतर : आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना जुन्या स्मृतिग्रंथांपासून आहे, निदान कागदावर तरी. इंग्रजी कायद्याचा हा गुंता इथे आला त्यावर १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा करावा लागला. आजही आयुर्विम्याची पॉलिसी बायको-मुलांच्या नावे सुरक्षित ठेवायला एमडब्ल्यूपी ॲक्टखाली काढतात ना, तोच कायदा. अर्ज भरताना तो रकाना विचारून घ्या, एजंट सांगत नाहीत.

सोनचाफा :

हिशेबनीस यांनी माझं काम सोपं केलं, आता मृत्युपत्राचं सांगते.

कायद्याने एक पैसा तिचा नव्हता, तरी ती पत्रांत 'हे पैसे, ज्यांना मी माझे म्हणते' असं लिहिते. आणि जानेवारी १८१६ मध्ये ७१ वर्षांच्या बाईने बसून मृत्युपत्र केलं. विवाहित बाईला नवरा जिवंत असताना तो अधिकारच नव्हता, म्हणजे कोर्टात त्या कागदाची किंमत शून्य. मुलगे दोन उरले होते, त्यांना तिच्या माहेरच्या जमिनीतले हिस्से दिले. बाकी जवळजवळ सगळं बायकांना. सुना, नाती, भाच्या-पुतण्या, घरात काम करणाऱ्या बायका. कोणाला रोख, कोणाला रोख्यांतला भाग, कोणाला रेशमी झगा. एकाही नातवाला नाही, भाच्याला नाही. का ते तिने लिहिलेलं नाही, पण यादी वाचताना एकेका नावापाशी थांबायला होतं, कारण ह्यातल्या कित्येकींचे नवरे कर्जबाजारी किंवा वारलेले, त्यांचे हाल तिने आयुष्यभर पत्रांत वाचले होते.

ती २८ ऑक्टोबर १८१८ ला विषमज्वराने गेली, जॉनचा ८३ वा वाढदिवस दोन दिवसांवर होता. ते मृत्युपत्र त्याने बाजूला टाकलं असतं तरी कोणी विचारलं नसतं, कायद्याने सगळं त्याचंच. पण त्याने ते पाळलं. ज्या नवऱ्याने १७७६ च्या पत्राला हसू आवरत नाही असं उत्तर दिलं होतं, त्याच्याच संमतीने यादीतल्या बायकांना त्यांच्या त्यांच्या वस्तू आणि पैसे पोचले.

रानजाई :

कामाला असलेल्या बायकांना पण? हे माहीत नव्हतं. आज रात्री परत वाचायला घेते. सोनचाफा, ते कॉफीचं पत्र पूर्ण मराठीत टाकशील का इथे? आईला वाचून दाखवायचंय, तिला इंग्रजी येत नाही.

सोनचाफा :

टाकते. अर्धं झालंय, 'हॉग्सहेड'ला पिंप म्हणू की बुधला यावर अडलेय. कोणाला चांगला शब्द सुचला तर सांगा, शुक्रवारपर्यंत पूर्ण करते.

जुनापुराणा :

पिंप म्हणा ताई. आमच्या दुकानात काकवी पिंपातूनच यायची.